भाषा शाळेत आली की मूल बदलतं का? माओरी, कोरकू, गोंडी आणि आपण

वाइकाटोकाठची

नमस्कार मंडळी. मी न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला राहते. बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय आहे, म्हणून धागा काढते.

इथे मुलं स्वतःची ओळख करून देतात त्याला ‘पेपेहा’ म्हणतात. आधी आपला डोंगर, मग नदी, मग पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी, मग जमात, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं नाव. आमच्या शेजारची सात वर्षांची माओरी मुलगी ‘कुरा’त, म्हणजे माओरी माध्यमाच्या शाळेत जाते. शाळेच्या कार्यक्रमात ती भरल्या सभागृहासमोर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात सुरू झाली, “को टाउपिरी ते मौंगा, को वाइकाटो ते आवा...” टाउपिरी माझा डोंगर, वाइकाटो माझी नदी. हातात कागद नाही, आईकडे बघणं नाही. तिच्या आजीला मात्र माओरी समजते, पण बोलता येत नाही. आजीच्या आईला शाळेत माओरी बोलल्याबद्दल मार बसायचा. मुलांच्या वाट्याला तो मार नको म्हणून तिने घरात भाषा बंद केली. अशी घरं इथे गल्लोगल्ली आहेत.

थोडी पार्श्वभूमी सांगते. १८६७च्या कायद्याने माओरी मुलांच्या सरकारी शाळांत इंग्रजी आणली. १९७०च्या दशकापर्यंत परिस्थिती अशी झाली की भाषा म्हाताऱ्यांच्या तोंडीच उरली. १९७२ साली तरुण मंडळींनी तीस हजारांवर सह्यांचा अर्ज संसदेत नेला : शाळेत आमची भाषा शिकवा. आणि १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळ वाइनुइओमाटाला पहिलं ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेचं घरटं, सुरू झालं. पाच वर्षांखालची मुलं, आजी-आजोबा, आणि आत माओरीशिवाय दुसरी भाषा नाही. १९८७ला माओरी अधिकृत भाषा झाली.

मला दोन गोष्टींवर तुमची मतं हवी आहेत. एक, मुलांमध्ये जो धीटपणा दिसतो तो भाषेमुळे येतो, की प्रेमाने शिकवणारी माणसं आणि लहान वर्ग मिळाले की कुठल्याही भाषेत येईल? दोन, आपल्याकडच्या कोरकू, गोंडी, भिली, कातकरी मुलांसाठी यातलं काय घेता येईल? तिथे प्रत्यक्ष काम करणारं कोणी इथे असेल तर जरूर लिहा.

---

पावसाळी_ढग

छान विषय. वाचतोय.

---

मेळघाटचा_मास्तर

धारणी तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे, त्यामुळे राहवलं नाही.

पहिलीत आलेलं कोरकू लेकरू पहिले काही महिने वर्गात बोलतच नाही. हजेरीला ‘हजर’ म्हणायचं तेसुद्धा शेजारच्याने कोपर मारल्यावर. मग त्याच्या नावापुढे ‘अबोल’, ‘मंद’ असे शेरे पडतात. तेच लेकरू मधल्या सुट्टीत बघा, तोंडाला खळ नसते! कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, संथाळी-मुंडारीची बहीण. मराठीशी तिचं काही नातं नाही. गुजराती घरातलं मूल मराठी शाळेत गेलं तर अर्धं कानाने उचलतं, इथे तसं होत नाही. सहा वर्षांच्या पोराला एकाच वेळी नवी भाषा, त्या भाषेतली अक्षरं आणि त्या अक्षरांतलं गणित, असं तिन्ही शिकायला लावतो आपण.

एक प्रसंग लिहितो. मोहफुलांचे दिवस होते. अर्धा वर्ग पहाटे आईबरोबर फुलं वेचून यायचा आणि पहिल्या तासाला पेंगायचा. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, मोह कसा वेचतात ते सांगा, कोरकूत सांगा. वर्गातला सगळ्यात गप्प पोरगा उठला. झाडाखालचा पाला आधी का साफ करायचा, फुलं कशावर पसरायची, वाळताना रंग कुठपर्यंत आला की घरात घ्यायची, आभाळ भरून आलं तर काय करायचं, सगळं हातवारे करून. मध्येच चौथीतल्या एकाने त्याला चूक काढून दाखवली. तर हा त्याच्याशी भांडला! चौथीतल्या पोराशी, भर वर्गात! मी त्याचे शब्द देवनागरीत फळ्यावर लिहिले. त्यातला एक शब्द त्याने बोट ठेवून वाचला. त्याने वाचलेला तो पहिला शब्द. ‘कमळ’ आणि ‘बदक’ गिरवून जे होत नव्हतं ते झालं.

ताईंच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर : प्रेम मी आधीही करत होतोच. त्याने पोरगा माझ्याजवळ आला, पण बोलला नव्हता.

---

हिशेबी

भावना समजतात, पण पोटाचं बोलू या. कोरकूत शिकून तलाठ्याची परीक्षा देता येणार आहे का? अमरावतीला कॉलेजात गेला की मराठी, पुण्याला नोकरीला गेला की इंग्रजी. आदिवासी पालक स्वतःच मुलांना इंग्रजी शाळेत घालायला धडपडतात. आदिवासी विकास विभागाच्या नामांकित निवासी इंग्रजी शाळांच्या योजनेला अर्ज किती येतात ते बघा. आपण शहरात बसून त्यांनी भाषा जपावी म्हणणार आणि आपली मुलं मात्र कॉन्व्हेंटात. हे मला पटत नाही.

आणि न्यूझीलंडचं कौतुक ठीक आहे, पण चाळीस वर्षांनंतर तिथे किती माओरी लोक माओरी बोलतात?

---

वाइकाटोकाठची

@हिशेबी, प्रश्न रास्त आहे. २०१८च्या जनगणनेत माओरी लोकांपैकी साधारण पाचातला एक जण माओरीत संभाषण करू शकतो असं दिसलं. कोहांगांची संख्याही १९९०च्या दशकात आठशेच्या वर गेली होती, ती नंतर निम्म्याजवळ आली. सरकारी नियम, कागदपत्रं, पगार, जागा, आणि मुख्य म्हणजे भाषा बोलणारी म्हातारी माणसं एकेक करून गेली. हे सगळं खरं आहे.

पण १९७०च्या दशकात अभ्यासक ‘ही भाषा आता जाणार’ असं लिहीत होते. तिथून पाचातला एक आणि त्यात पाळण्यातली मुलं, याला मी अपयश म्हणणार नाही. शिवाय कुरातून बाहेर पडलेली मुलं इंग्रजी उत्तम बोलतात. या देशात इंग्रजी शिकवावी लागत नाही, ती येतेच.

---

रेला_पाटा

सेवा जोहार सगळ्यांना. मी गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातला, गोंड. सध्या नागपुरात शिकतो.

हिशेबी दादा, तुमचा पोटाचा मुद्दा आमच्या घरातही रोज निघतो, म्हणून सविस्तर लिहितो. मी आश्रमशाळेत होतो. पहिल्या आठवड्यात मी ‘येर’ मागितलं. येर म्हणजे पाणी. अख्खा वर्ग हसला, आणि वर्गात निम्मी पोरं गोंडच होती. तीच जास्त हसली. आपण त्या हसणाऱ्यांत आहोत हे दाखवायची त्यांना घाई होती. मीही पुढच्या वर्षी नव्या पोरांना हसलो असतो, सगळेच हसतात. लाज अशी एकमेकांकडून लागत जाते. आणि ती नुसती भाषेपुरती राहत नाही. शाळेच्या गेटवर आई भेटायला आली, डोक्यावर गाठोडं, तोंडात गोंडी, की पोरगं लपतं. दहावीला कितीही टक्के मिळाले तरी हे भरून निघत नाही. मुलाखतीला बसल्यावर घशातून आवाज निघत नाही तो यामुळे, इंग्रजी येत नाही म्हणून नाही.

आमच्या तालुक्यात मोहगाव आहे. तिथल्या ग्रामसभेने २०१९मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. सरकारी मान्यतेवरून नोटिसा आल्या, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. संविधानाचं कलम ३५० क प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करा म्हणतं, आदिवासी भागांसाठीचा पेसा कायदा ग्रामसभेला आपली संस्कृती जपायचा अधिकार देतो, आणि तरी गावाला आपल्याच भाषेतल्या शाळेसाठी भांडावं लागतं. हे लिहिताना मला राग येतो आणि तो यायलाच हवा.

पण मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ही शाळा आमच्याच तालुक्यात का उभी राहिली? इथेच मेंढा-लेखा आहे, ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं. २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं. त्यानंतर गावोगावच्या ग्रामसभा बांबूचा, तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करायला लागल्या. ग्रामसभेत चर्चा गोंडीत होते, ठेकेदाराला थांबून अर्थ विचारावा लागतो. ही पोरं ते बघत वाढली. आपल्या भाषेत पैशाचा हिशेब होतो, निर्णय होतो, साहेब वाट बघतो, हे दिसल्यावर कोण लाजेल?

म्हणून ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, पोरांना मोरपिसं लावून नाचवायचं, टाळ्या वाजवायच्या आणि १० तारखेला वर्गात गोंडी बोललं म्हणून दटावायचं, याला मी अभिमान म्हणत नाही.

---

तळकोकणातला

@रेला_पाटा, साष्टांग दंडवत. दोनदा वाचलं.

---

खापरावरचे_मांडे

रेला भाऊंचं गाठोड्याचं वाक्य वाचून धुळ्याचं एसटी स्टँड आठवलं. मी अहिराणी. पुण्यात अकरावीला आलो तेव्हा ‘शे’ आणि ‘ऱ्हायनू’वर हॉस्टेलात महिनाभर करमणूक चालली होती. खान्देशातले मांडे सगळ्यांना हवेत, मांडे करणाऱ्या माउलीची भाषा मात्र अशुद्ध!

आता आमच्याकडे अहिराणीचे व्हिडिओ, गाणी जोरात चालतात आणि पोरं बिनधास्त बोलतात. आमच्या गल्लीतले एक आजोबा परवा म्हणाले, “मना नातू आते मनासंगे अहिराणीमाच बोलस.” चेहऱ्यावर असा आनंद होता की बस.

---

तळकोकणातला

आमच्याकडे उलटा. मालवणी नाटकां बघूक मुंबयत तिकिटां मिळनत नाय आणि घराकडे झिलान ‘माका’ म्हटल्यान की आवस म्हणता, “प्रॉपर मराठी बोल!” आवस ह्या पण मालवणीतच म्हणता. :)

---

हिशेबी

:) हे भारी.

---

जर्सीची_जाई

आमच्याकडे रविवारची मराठी शाळा चालते. माझा मुलगा आधी कुरकुरत जायचा. गणपतीत त्याने छोटं भाषण मराठीत केलं, त्यानंतर शाळेतल्या अमेरिकन मित्रांना स्वतःहून सांगायला लागला की मला दोन भाषा येतात. त्यामुळे वाइकाटोताईंचं म्हणणं अगदी पटलं. आपणही परदेशात आपली भाषा अशीच वाचवतोय.

---

निर्भीड

जाईताई, मुलाचं कौतुक आहेच, पण ‘अशीच’ म्हणू नका. मराठीचे ८ कोटींवर बोलणारे आहेत, तिचं एक राज्य आहे, विद्यापीठं आहेत, २०२४मध्ये अभिजात दर्जा मिळाला. तुमचा मुलगा उद्या मराठी विसरला तर तुमच्या घराचं नुकसान होईल, मराठीचं होणार नाही. जळगाव जामोदकडे निहाली बोलणारे जेमतेम काही हजार आहेत. ती कुठल्याच भाषाकुळात बसत नाही, जगात तिची सख्खी-चुलत कोणी नाही. तिथल्या एका पिढीने मुलांशी बोलणं थांबवलं तर विषय संपला.

आणि एक टोचणारी गोष्ट. अमेरिकेत मराठी मुलाची भाषा मारायला कोणी छडी घेऊन उभं नव्हतं. कोरकू मुलासमोर जी भाषा उभी आहे ती इंग्रजी नाही, आपली मराठी आहे. या धाग्यावर आपण वाइकाटोताईंच्या शेजारणीच्या बाजूचे आहोत असं समजून लिहितोय. मेळघाटात आपण शाळा चालवणाऱ्यांच्या बाजूला आहोत.

---

जर्सीची_जाई

निर्भीड, तुमचा मुद्दा पोचला, पण मुलाच्या आत काय होतं त्याबद्दल मी बोलत होते. भाषा बोलणारे आठ कोटी आहेत हे आठ वर्षांच्या मुलाला कुठे दिसतं? त्याच्या वर्गात तो एकटाच असतो. जगाच्या दृष्टीने दोन्हींची तुलना होत नाही हे मान्य, त्या मुलाच्या दृष्टीने होते.

---

निर्भीड

हे चांगलं मांडलंत.

---

अभ्यासिका

मूळ प्रश्नाकडे येते. भाषा की प्रेम, हे वेगळं काढून तपासायचा प्रयत्न झाला आहे. कॅनडात क्युबेकच्या उत्तर टोकाला इन्युइट या तिथल्या आदिवासींच्या वस्त्या आहेत. तिथे शाळेची पहिली वर्षं इनुक्टिटुट (त्यांची स्वतःची भाषा), इंग्रजी किंवा फ्रेंच, यांपैकी एका माध्यमातून घेता येत होती. राइट आणि टेलर या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहान मुलांना ‘तुझा आत्मसन्मान किती’ असं विचारता येत नाही, म्हणून त्यांनी मुलांपुढे फोटो ठेवले. त्यात त्या मुलाचा स्वतःचा फोटोही होता. मग विचारायचं, यात हुशार कोण, शाळेत यायला कोणाला आवडतं, वगैरे. मूल स्वतःचा फोटो उचलतं का, आपल्यासारख्या दिसणाऱ्या मुलांचे उचलतं का, ते बघायचं. वर्षाच्या सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा. इनुक्टिटुट माध्यमातल्या इन्युइट मुलांचा स्वतःबद्दलचा भाव वर्षभरात वाढलेला दिसला. त्याच वस्तीतल्या, पण इंग्रजी-फ्रेंच माध्यमातल्या इन्युइट मुलांचा वाढला नाही.

ब्रिटिश कोलंबियातला २००७चा अभ्यासही मला महत्त्वाचा वाटतो. हॅलेट, चँडलर आणि लॅलोंड यांनी आदिवासी वस्त्यांतल्या तरुणांच्या आत्महत्या आणि तिथे किती लोक आपली भाषा बोलतात, हे शेजारी ठेवून पाहिलं. जिथे निम्म्याहून जास्त लोक भाषा बोलत होते तिथे आत्महत्या फारच कमी होत्या. याचा अर्थ भाषा शिकवली की आत्महत्या थांबतात असा लगेच काढू नये. ज्या वस्तीत भाषा टिकते तिथे बहुतेक वेळा जमीन, कारभार, शाळा असं बरंच काही लोकांच्या हातात असतं. रेला_पाटा यांनी मेंढा-लेखाबद्दल जे लिहिलं तेच मला इथे दिसतं.

---

हिशेबी

@अभ्यासिका, फोटोचा प्रयोग आवडला. पण व्यवहाराची अडचण सोडवा. मेळघाटात एका वर्गात फक्त कोरकू मुलं असतात का? गवळी असतील, गोंड असतील, बलई असतील. शिक्षक एक, वर्ग दोन. कोरकूत शिकवायचं तर बाकीच्यांनी काय करायचं? पुस्तकं कुठून आणायची? शिक्षकाची बदली झाली की नवीन माणूस यवतमाळचा, त्याला कोरकूचं अक्षर माहीत नाही.

---

मेळघाटचा_मास्तर

@हिशेबी, अडचणी अगदी बरोबर ओळखल्या तुम्ही, बदलीची तर फारच. आमच्याकडे गवळी पोरं कोरकू बऱ्यापैकी बोलतात, कारण गुरं एकाच रानात चरतात. खेळताना सगळ्यांची भाषा एकच होते. मुलांचं अडत नाही, अडतं ते मोठ्यांचं.

मी काही कोरकू माध्यमाची शाळा चालवत नाही, तेवढा अधिकार मला नाही. पहिली-दुसरीत तोंडी काम कोरकूत, वाचन हळूहळू मराठीत, शब्द दोन्ही भाषांत भिंतीवर, इतकंच. ओडिशात सरकारने २००६पासून दहा आदिवासी भाषांत पहिलीपासूनची पुस्तकं काढली, भाषा बोलणारी गावातली माणसं नेमली, आणि मुलं काही वर्षांत टप्प्याटप्प्याने ओडियाकडे जातात. म्हणजे सरकारला हे जमत नाही असं नाही. आपल्याकडेही २०२०चं शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत मातृभाषा म्हणतं. मातृभाषा म्हणजे फक्त मराठी असं धरून चालू नये, एवढीच मागणी.

आणि हे पालघरकडच्या लोकांना नवीन नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ला बोर्डीत काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पोरं गुरांमागे जातात म्हणून शाळाच कुरणात नेली. मुलाला शाळेत ओढून आणण्याआधी शाळेने मुलाजवळ जायचं, हे आपल्याच मातीत झालेलं आहे.

---

पावसाळी_ढग

कुरणशाळा! लहानपणी आईकडून ऐकलं होतं, विसरलो होतो. धन्यवाद, मास्तर.

---

अभ्यासिका

मधल्या पिढीबद्दल एक. हवाईत १८९६च्या कायद्याने शाळांतून हवाईयन गेली. १९८०च्या सुमारास अठरा वर्षांखालची हवाईयन बोलणारी मुलं पन्नासही नव्हती. माओरींचं बघून तिथल्या लोकांनी १९८३मध्ये ‘पुनाना लेओ’ संस्था काढली आणि पुढच्या वर्षी कौआई बेटावर पहिली बालवाडी उघडली. तिथे पालकांना नुसतं मूल सोडून जाता येत नाही. स्वतः भाषा शिकायला बसायचं, शाळेत काम करायचं. फिनलंडमध्ये इनारी सामी या छोट्या आदिवासी समाजाने तर २००९–१०मध्ये मोठ्यांसाठीच वर्षभराचा पूर्णवेळ अभ्यासक्रम काढला. भाषा बोलणारे सगळे मिळून तीन-चारशे. पाळण्यातली मुलं आणि आजोबा यांच्यामध्ये जे तीस-चाळीशीचे लोक रिकामे राहिले होते त्यांना आधी शिकवलं. त्यातूनच पुढे शिक्षक झाले.

---

जर्सीची_जाई

हे वाचून वाटलं, आमच्या रविवारच्या शाळेत आई-बाबा पार्किंगमध्ये फोन बघत बसतात ते आधी बंद करायला हवं. पुढच्या बैठकीत मांडते.

---

बोरू

थोडं अवांतर. गोंडी देवनागरीत लिहावी की तिच्या स्वतःच्या लिपीत? संथाळीला ओल चिकी आहे, १९२५पासून, आणि २००३ साली संथाळी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यता मिळालेल्या भाषांच्या यादीत, आली. गोंडीला मसराम आणि गुंजाळा अशा दोन लिप्या आहेत, दोन्ही युनिकोडमध्ये आल्या. स्वतःची लिपी असली की मुलांना जास्त अभिमान वाटत नाही का?

---

रेला_पाटा

@बोरू, वाटतो. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी नाव मसराम लिपीतच लिहितो. पण माझी आजी कुठल्याच लिपीत वाचत नाही आणि गोंडी माझ्याहून दहापट चांगली बोलते. महाराष्ट्रातल्या पोराला देवनागरी येते, तेलंगणातल्याला तेलुगू. लिपीवरून वाद घालत बसलो तर पोरांच्या हातात पुस्तक यायचं नाही. जी येते तीत आज लिहा, लिपी शिकवायला वर्षं पडली आहेत. आठव्या अनुसूचीचं मात्र लवकर व्हायला हवं. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांवर आहेत. भिली तर एक कोटीच्या वर, तीही बाहेरच.

---

वाइकाटोकाठची

सगळ्यांचे खूप आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

माझ्या पहिल्या प्रश्नावर मला आता काय वाटतं ते लिहिते. रेलाने लिहिलं की साहेब थांबून अर्थ विचारतो हे पोरांनी बघितलं. इथलाही एक प्रसंग त्याच जातीचा आहे. १९८४मध्ये ऑकलंडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नाइडा ग्लाविश नावाची माओरी ऑपरेटर फोन उचलल्यावर ‘किया ओरा’, म्हणजे माओरीतला नमस्कार, म्हणायची. वरिष्ठांनी सांगितलं, बंद कर. तिने केलं नाही. देशभर गाजावाजा झाला, लोक मुद्दाम फोन करून ‘किया ओरा’ म्हणायला लागले, आणि शेवटी पंतप्रधानांनाच सांगावं लागलं की यात काही गैर नाही. आज विमानात, बँकेत, बातम्यांत सगळे तेच म्हणतात. शेजारची मुलगी सभागृहात खणखणीत बोलते, तेव्हा समोरचा प्रत्येक जण, माओरी असो, गोरा असो वा माझ्यासारखा बाहेरचा, तिचं पहिलं वाक्य समजू शकतो. कुराने तिला भाषा दिली, पण ऐकणारे तयार व्हायला वेगळी चळवळ लागली. मास्तरांचा मुलगा चौथीतल्याशी भांडला, कारण समोरच्याला कळत होतं आणि फळ्याजवळ उभ्या माणसालाही कळत होतं. नुसतं प्रेम पुरत नाही असं माझं आता पक्कं मत आहे. आणि नुसती भाषाही पुरत नाही, समोर तिला मान देणारं कोणीतरी लागतं.

@निर्भीड, तुमच्या मुद्द्यावरून एक ठरवलं. इथल्या महाराष्ट्र मंडळात दर वर्षी मराठी भाषा दिन होतो. पुढच्या वेळी महाराष्ट्रातल्या इतर भाषांवर एक तास ठेवू या असं सुचवणार आहे. रेला, तू ऑनलाइन बोलशील का?

---

रेला_पाटा

ताई, बोलेन की. पण अर्धा वेळ गोंडीत बोलणार, चालेल?

---

वाइकाटोकाठची

चालेल म्हणजे काय, तसंच बोल. अर्थ विचारायला आम्ही थांबू.

---

हिशेबी

माझा नोकरीचा मुद्दा मी सोडलेला नाही. तलाठी भरतीत, आरोग्यसेविकेच्या भरतीत स्थानिक आदिवासी भाषा येणाऱ्याला गुण मिळाले तर पालकांचं मन आपोआप वळेल, भाषणं द्यावी लागणार नाहीत. बाळंतपणाला आलेल्या बाईशी कोरकूत बोलणारी नर्स ही चैन नाही, गरज आहे. या मागणीचं निवेदन कोणी लिहिणार असेल तर आकडेमोड आणि मसुदा मी करून देतो.

---

मेळघाटचा_मास्तर

@हिशेबी, हात मिळवा. व्यक्तिगत निरोप केला आहे.

@वाइकाटोकाठची, तुमचं पेपेहा मी वर्गात करून बघितलं. डोंगर गाविलगडचा, नदी सिपना, मग गाव, मग आईबापाचं नाव, मग स्वतःचं, सगळं कोरकूत. होडीच्या जागी काय घ्यायचं यावर पोरांनीच वाद घातला. एक गट म्हणाला बैलगाडी, दुसरा म्हणाला आपण कुठून आलोच नाही, इथलेच आहोत, मग गाडी कशाला? दुसरा गट जिंकला.

आता एक अडचण. गावातल्या दोन म्हाताऱ्या गोष्टी सांगायला तयार आहेत, पण फोनवर रेकॉर्ड केलं की वाऱ्याचा आवाज फार येतो. स्वस्तात काय करता येईल?

---

बोरू

मास्तर, कॉलर माइक घ्या, हजाराच्या आत मिळतो, त्यावर स्पंजची टोपी असतेच. ती नसेल तर लोकरीचा तुकडा गुंडाळा. रेकॉर्डिंग घरात, गोधड्या टाकलेल्या खोलीत करा, आवाज घुमत नाही. आणि प्रत्येक गोष्टीच्या सुरुवातीला आजींना स्वतःचं नाव, गाव त्यांच्याच भाषेत सांगायला लावा. ती गोष्ट कोणाची हे मुलांना कळायला हवं. लिहून काढायला मदत लागली तर शनिवार-रविवारी मी आहे.